रेषा कोर्ट आखेल, कागद तरी आपल्या भाषेत द्या!

पारनेरचे सेनापती बापट म्हटलं की आपल्याला मुळशी सत्याग्रह आठवतो. पण हाच आपला नगरी माणूस 1966 मध्ये, वयाच्या 85व्या वर्षी, बेळगाव सीमाप्रश्नासाठी उपोषणाला बसला होता, हे तुमच्यापैकी किती जणांना माहितीय?

त्याच वर्षी केंद्राने न्या. मेहेरचंद महाजन यांचा आयोग नेमला. 1967 मध्ये अहवाल आला. निपाणी, खानापूर, नंदगडसह 264 गावं महाराष्ट्राला. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडची 247 गावं तेव्हाच्या म्हैसूरला. बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच. आयोग मागणाऱ्या महाराष्ट्रानेच तो अहवाल फेटाळला, कर्नाटकने धरून ठेवला. 2004 मध्ये महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. म्हणजे आपल्यापैकी अनेकजण शाळेतही गेले नव्हते, तेव्हापासून तारखा सुरू आहेत.

गाव हा घटक धरा, बहुसंख्यांची भाषा बघा, सलगता बघा, ही महाराष्ट्राची मागणी मला पटते. पण एक सांगा, रेषा कितीही न्यायाने आखली तरी दुसऱ्या भाषेची चार घरं अलीकडे-पलीकडे राहणारच ना? 1947 मध्ये रॅडक्लिफने पाच आठवड्यांत पंजाब आणि बंगाल वाटले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी 33 विरुद्ध 13 मतांनी पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव केला. दोन्हीकडे नकाशा झाला, मागे राहिलेल्या माणसांचं काय, हा प्रश्न मात्र उरलाच.

आपल्याकडे ते निदान कागदावर ठरलंय. राज्यघटनेचं कलम 350अ सांगतं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करा. हे कलम आलं 1956 मध्ये, भाषावार राज्यं झाली त्याच वर्षी. त्यासाठी कोर्टाच्या निकालाची वाट कशाला बघायची? बेळगावच्या मराठी माणसाला सरकारी कागद मराठीत मिळावा, आणि जतच्या कन्नड पोराला चांगली कन्नड शाळा. पहिलं मागताना दुसरं द्यायची तयारी हवी. नाहीतर आपलं मागणं मराठीसाठी नाही, फक्त जमिनीसाठी आहे, असंच समोरचा म्हणणार.

बसला काळं फासल्याचं रील पुढच्या वेळी फॉरवर्ड कराल, तेव्हा एवढं विचारा: त्या बसमध्ये बसलेल्याला काय हवं होतं?