फी क्विंटलात मोजा!



कोल्हापूरजवळचे कळंबा म्हटले की बाहेरच्याला तुरुंग आठवतो आणि गावच्या माणसाला तलाव. मागे एका बैठकीसाठी तिथे गेलो होतो. बैठक उठली तसा एक शेतकरी मला रस्त्याकडेला घेऊन गेला. समोर प्लॉट पाडलेले, दगड रोवलेले. म्हणाला, "साहेब, हे दोन गुंठं थोरल्याच्या इंजिनिअरिंगचं. ते पलीकडचं तीन धाकटीच्या नर्सिंगचं. आता तिसऱ्याला शिकवायचं म्हंजे घराखालचीच जागा ऱ्हायली."

मी वऱ्हाडातला, कापसाच्या घरचा. मनात आले, याच्या बांधाला शहर येऊन टेकले म्हणून याची जमीन गुंठ्याने तरी विकते. आपल्या मुरमाड रानाला ॲडमिशनच्या आठवड्यात गिऱ्हाईक कुठून आणायचे? आपण सावकाराची पायरी चढतो, घरातले डोरले मोडतो, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर सगळ्यात आधी पोरीचे नाव काढतो.

हे ऐकले ते कोल्हापुरात, म्हणून जास्त लागले. याच संस्थानात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा हुकूम काढला. जो बाप पोराला शाळेत धाडणार नाही त्याला महिन्याला एक रुपया दंड. त्याआधी 1901 पासूनच त्यांनी शहरात जातीजातीच्या पोरांसाठी वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली होती. तेव्हा पोराला शाळेत न धाडल्याचा दंड होता. आज धाडल्याचा दंड आहे, आणि तो रुपयात मावत नाही.

म्हणून माझे म्हणणे आहे, फी रुपयात मोजू नका. क्विंटलात मोजा.

2025-26 च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8110 रुपये जाहीर झाला, संकरित ज्वारीचा 3699. एखाद्या कॉलेजची वर्षाची फी एक लाख धरा. कापूस सव्वाबारा क्विंटल झाला. ज्वारी 27 क्विंटल. कोरडवाहूला एकरी चार-पाच क्विंटल कापूस आला तर आपण वर्ष बरे गेले म्हणतो. म्हणजे अडीच-तीन एकरांचा सगळा माल एका पोराच्या एका वर्षाच्या फीत गेला. बियाणे, खत, फवारणी, वेचणी अजून धरलेलीच नाही. खोली आणि मेस धरलेली नाही. आणि हे सगळे हमीभाव हातात पडला तर! मी सरकारी कृषी महाविद्यालयात शिकलो तेव्हा माझी वर्षाची फी तीन क्विंटल कापसात भागली होती. बापाने एक गाडी भरली आणि परत येताना आईला लुगडे आणले.

आता कोणी विचारील, मास्तरांनी फुकट शिकवायचे काय? मुळीच नाही. आम्ही उत्पादन खर्चावर भाव मागणारी माणसे. दुसऱ्याचा खर्च नाकारण्याचे पाप आमच्या हातून होणार नाही. पण हिशोबाची तऱ्हा बघा.

1983 साली महाराष्ट्र सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडले. देणग्यांचा इतका बोभाटा झाला की 1987 साली देणगीबंदीचा कायदा करावा लागला. पुढे 2002 साली सुप्रीम कोर्टाने सांगितले, नफेखोरी चालणार नाही, पण संस्थेच्या वाढीसाठी वाजवी शिल्लक राहिली तर हरकत नाही. 2015 च्या कायद्याने राज्यात शुल्क नियामक प्राधिकरण बसले. संस्था आपले हिशोब तिथे मांडते. पगार मांडते, वीज मांडते, देखभाल मांडते, इमारतीचा आणि यंत्रांचा घसारा मांडते. वर विकासासाठी काही धरले जाते. त्यावरून फी ठरते.

भावांनो, याला म्हणतात उत्पादन खर्चावर आधारित भाव! म्हणजे असा भाव काढता येतो. त्यासाठी माणसे नेमता येतात, कायदा करता येतो, वाढीची तरतूदही धरता येते. आपण मागितला की मात्र अर्थशास्त्र आडवे येते. राष्ट्रीय शेतकरी आयोगाने 2006 साली खर्चावर किमान पन्नास टक्के जास्त भाव द्या म्हणून सांगितले. सरकारने 2018-19 पासून दीडपट दिल्याचा डंका पिटला, पण हिशोबात धरली ती खिशातून गेलेली रक्कम आणि घरच्यांची मजुरी. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज वगळले. कॉलेजची इमारत झिजते, तिचा घसारा मिळतो. आमची जमीन झिजते, बैल म्हातारा होतो, त्यांना कोण विचारतो? शिवाय कॉलेज आपली फी आगाऊ घेते. आमचा हमीभाव कागदावर असतो आणि माल पडत्या भावात जातो.

महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे हेच मांडले होते. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्यांना होतो. सरकार बदलले, हिशोब तोच राहिला.

सरकार म्हणते, आम्ही सवलत देतो. देते, खरे आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी राजर्षी शाहूंच्या नावाने शुल्क शिष्यवृत्ती आहे. 2024 साली याच मर्यादेत आर्थिक मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. त्याचा फायदा घ्या, एकही पोर अर्जाविना ठेवू नका. पण खोलीचे भाडे आणि मेसचे बिल माफ होत नाही. आणि माफी हा शब्दच मला खुपतो. माफी गुन्हेगाराला असते. पोर शिकवणे हा गुन्हा कधीपासून झाला? कापसाला खर्चाइतका भाव द्या, आम्ही फी रोख मोजू आणि पावती घेऊन ताठ मानेने घरी जाऊ.

तोवर जिल्हा बैठकीपुढे चार ठराव ठेवतो.

एक, प्रत्येक विनाअनुदानित संस्थेने मंजूर फी आणि तिची फोड दरवाजावर मराठीत लावावी. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये.

दोन, जी रक्कम सरकार भरणार आहे ती पालकाकडून आगाऊ मागू नये. सरकारने उशीर केला तर तो सरकारशी भांडावा, पोराला परीक्षेला अडवू नये.

तीन, फीचे हप्ते पिकाप्रमाणे असावेत. प्रवेश होतात त्या दिवसांत आपला पैसा पेरणीत मातीत गेलेला असतो. कापूस दिवाळीच्या पुढेमागे घरात येतो, रब्बी ज्वारी फाल्गुनात. हप्ता तेव्हा घ्या.

चार, ज्या रीतीने कॉलेजची फी काढता त्याच रीतीने आमच्या कापूस-ज्वारीचा भाव काढा. घसारा धरा, खंड धरा, वाढीची शिल्लक धरा.

बैठकीला येताना घरातल्या फीच्या पावत्या आणि कापसाच्या काटापट्ट्या घेऊन या. शेजारी शेजारी ठेवू आणि क्विंटलात बेरीज मांडू. ती बेरीज कलेक्टरच्या टेबलावर जाईल.