मंडपातला नवा भटजी

आपण मंडपातून भटजी घालवला आणि त्याच्या जागी कॅमेरावाला बसवला. हे वाक्य टोचत असेल तर या उन्हाळ्यात देवपुरातल्या आपल्या लग्नांत कॅमेऱ्याकडे लक्ष ठेवून बसा. बौद्धाचार्य त्रिशरण-पंचशील देत असतात आणि कॅमेरावाला नवरीला सांगत असतो, "ताई, इकडे बघा." प्रतिज्ञा चालू असताना तो हात वर करतो, "सर, एक मिनिट थांबा." आणि बौद्धाचार्य थांबतात! मग लग्न लावतो कोण?

पुढे अल्बम येतो. पहिल्या पानावर गणपती. त्यानंतर मंगळसूत्राचे फोटो पानभर, नवरी नवऱ्याच्या पायाशी वाकलेली, पाठीमागे देवळाचा तयार देखावा. प्रतिज्ञांचा फोटो शोधून सापडत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत गौरी-गणपतीची पूजा न करण्याची प्रतिज्ञा आहे, ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म न करवून घेण्याचीही आहे. मंडपात आपण त्या पाळल्या, पण घरात पन्नास वर्षे राहणारा अल्बम मात्र उलटी साक्ष देतो. नातवंडे अल्बमच पाहणार आहेत. मंडप त्यांनी पाहिलेला नसेल.

दोष कॅमेरावाल्याचा नाही. तो कष्टकरी माणूस आहे, अनेकदा आपल्याच वस्तीतला पोरगा असतो. त्याच्याकडे तयार नमुने असतात, मागणी तशी पानं तो जोडतो. दोष ऑर्डर देणाऱ्यांचा आहे. आपण भाव करतो, ड्रोन आहे का विचारतो, पण आपल्या लग्नात नेमकं काय टिपायचं हे सांगतच नाही.

कोणी म्हणेल, "फोटोच तर आहेत, त्यात कसली चळवळ?" मित्रांनो, २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाचा पहिला विवाह सावित्रीबाईंच्या पुढाकाराने भटजीविना झाला. तो आज आपल्याला माहीत आहे, कारण त्याची नोंद राहिली. बाबासाहेब आणि रमाईंचं लग्न भायखळ्याच्या बाजारात, रात्री, बाजार उठल्यावर लागलं. त्याचा फोटो कुठला असणार? फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहावर काढलेलं कुटुंबाचं छायाचित्र आपण इतकं जपतो, कारण रमाईंची छायाचित्रं मोजकीच आहेत आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या. ज्यांची नोंद इतिहासाने ठेवली नाही, त्यांच्यासाठी फोटो हा दस्तऐवज असतो.

कायद्यातही तो दस्तऐवजच आहे. बौद्ध विवाहाच्या वेगळ्या कायद्याची मागणी आपण करतोच, पण आज आपल्याला १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू आहे. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याबाबत स्पष्ट केलं की विधी झालाच नसेल तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने विवाह वैध ठरत नाही. उद्या वाद झाला तर आपल्या विधीचा पुरावा कुठून आणणार? पायऱ्यांवरच्या स्लो मोशनमधून?

म्हणून बयाणा देण्याआधी या गोष्टी ठरवा.

पहिली, वेळ. आपण मुहूर्त मानत नाही ना? मग मे महिन्यात धुळ्याच्या उन्हात भर दुपारी लग्न का लावतो? डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, घामाने सगळे वैतागलेले असतात. सकाळी लवकर किंवा पाच-साडेपाचला विधी ठेवा. उजेड मऊ मिळतो आणि म्हाताऱ्या माणसांचे हाल वाचतात.

दुसरी, रंग. आपले नवरदेव-नवरी पांढऱ्या कपड्यांत असतात. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा पांढऱ्याला भुलतो आणि चेहरे काळवंडतात. मग एडिटिंगमध्ये त्यांना पीठ फासल्यासारखं गोरं केलं जातं. कोडॅक कंपनी अनेक दशकं लॅबना गोऱ्या बाईचा फोटो नमुना म्हणून पाठवत असे. ‘शर्ली कार्ड’ म्हणत त्याला. त्यावरून रंग जुळवले जात, म्हणजे गोरी कातडी हेच माप. ते माप आपण का वाहायचं? चेहऱ्यावरचा उजेड धरून फोटो काढा, रंग आहे तोच ठेवा, असं बजावून सांगा.

तिसरी, यादी. कागदावर लिहून द्या: बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमांना वंदन, त्रिशरण-पंचशील, दोघांच्या प्रतिज्ञा आवाजासह, साक्षीदार, दोन्हीकडच्या आया, आजी-आजोबा, स्वयंपाक करणाऱ्या बायाही. विधी चालू असताना कोणालाही थांबवायचं नाही, हे आधीच सांगा. पानांवर देवदेवता नकोत, हेही लिहा.

चौथी, हक्क. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचे पहिले मालक काढून घेणारेच असतात. म्हणून छापील पावतीवरची बारीक अक्षरं वाचा. तुमचे फोटो जाहिरातीला वापरायचे तर तुमची परवानगी हवी, हे लिहून घ्या. सगळ्या मूळ फाइली मागा, दोन वेगळ्या घरांत ठेवा, आणि निवडक पन्नास फोटो कागदावर छापा.

राहिला खर्च. व्याजाने पैसे काढून भाड्याच्या महालापुढे प्री-वेडिंग करणं म्हणजे सावकाराचं लग्न थाटात लावणं. शूट करायचंच असेल तर लळिंग जवळ आहे. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब तिथल्या लांडोर बंगल्यात थांबले होते. तिथे दोघांनी साध्या कपड्यांत काढलेल्या एका फोटोला जे मोल आहे, ते उसन्या राजवाड्याला कधीच येणार नाही.

बाबासाहेबांनी आपल्याला विधी दिला, नाव दिलं, स्वाभिमान दिला. तो फोटोत दिसेल की नाही, हे बयाणा देताना ठरतं.

जय भीम!