व्हॅनमध्ये प्लायवुड नुसते अंथरू नका

सेलू तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. पती-पत्नी दोघे मिळून आठवडी बाजारात तयार कपडे विकतात. आजवर गाठोडी एसटीच्या टपावर नाही तर भाड्याच्या टेम्पोत टाकून नेली. आता बचत गटाचे कर्ज आणि अंगावरचे थोडे मोडून त्यांनी एक जुनी मारुती ओम्नी घेतली आहे. मागचे बाक काढून तिथे प्लायवुडचा तळ करायचा आहे. त्या विचारतात, प्लायवुड किती जाड घ्यावे, आणि खिळे मारून बसवले तर चालेल का?

ताई, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. खिळेही नकोत आणि नुसते स्क्रूही नकोत. हे आम्ही ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या दाजींच्या व्हॅनला आम्हीच हौसेने प्लायवुड बसवले होते. दाजींचा स्टीलच्या भांड्यांचा धंदा. आम्ही वरून वीस-बावीस स्क्रू पत्र्यात पिळले, खाली आवाज होऊ नये म्हणून बारदान अंथरले, वर रबरी मॅट टाकली आणि स्वतःचीच पाठ थोपटली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर दाजी जिंतूरहून परभणीकडे येत होते. समोर म्हैस आडवी आली म्हणून त्यांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण मागची फळी थांबली नाही. भांड्यांच्या पोत्यांसकट ती पुढे आली आणि दाजींच्या सीटच्या पाठीत घुसली. दाजी महिनाभर अंथरुणावर होते. बहिणीने आम्हाला एक शब्दही बोलून दाखवला नाही, त्याचेच अधिक वाईट वाटले. नंतर फळी काढून पाहिली तर बारदान ओलेगच्च, पत्रा पापडासारखा झालेला, आणि स्क्रूंची भोके बोट जाईल एवढी मोठी.

आता जे लिहितो आहोत ते त्या महिनाभराच्या अंथरुणाकडून शिकलेले आहे.

गाडीच्या तळाचा पत्रा फार पातळ असतो. त्याला ताकद येते ती पत्र्याला पाडलेल्या उभ्या-आडव्या पन्हळींमुळे. अशा पातळ पत्र्यात स्क्रूला धरायला एक-दोन आटेच मिळतात. आपल्याकडच्या रस्त्यांवर गाडी थरथरली की ते आटे भोक खात जातात. त्या भोकाला रंग नसतो, म्हणून गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून आरपार बोल्ट, खाली रुंद वायसर आणि नायलॉनचा लॉकनट हीच पद्धत धरावी. वायसर रुंद असला की ओढ एका भोकावर न येता भोवतालच्या पत्र्यावर पसरते. नायलॉनचा नट थरथरीने सैल पडत नाही. बोल्ट ८ मिलिमीटरचे घ्या. त्यांची डोकी प्लायवुडमध्ये खळगा करून बुडवा, नाही तर प्रत्येक गाठोडे तिथे फाटेल.

नवे भोक पाडण्यापूर्वी जुनी भोके शोधा. बाक ज्या बोल्टांवर बसवले होते त्या जागा कंपनीनेच मजबूत केलेल्या असतात. शक्य तेवढे त्यांच्यावरच भागवा. बोल्ट त्याच मापाचा आणि त्याच आट्याचा, फक्त प्लायवुडच्या जाडीएवढा लांब हवा. उरलेल्या जागी ड्रिल करावेच लागले तर आधी कोणाला तरी गाडीखाली पाठवा. पेट्रोलची टाकी, पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी, वायरिंग आणि गॅसकिट असेल तर तिची नळी, हे सगळे तळाच्या पोटालाच चिकटून गेलेले असते. खालून खडूने खुणा करून घ्या. ड्रिलच्या पात्यावर लाकडाचा ठोकळा ओवून ठेवा, म्हणजे पाते आरपार गेल्यावर आणखी खोल घुसत नाही. टाकीच्या वर एकही भोक नको, मग मिस्त्री कितीही म्हणो, "काही होत नाही." या तीन शब्दांनी मराठवाड्यात फार माणसे जायबंदी केली आहेत.

फळी बसवण्याआधी तळ उघडा करून धुवा आणि दोन दिवस उन्हात वाळू द्या. परभणीचे ऊन एरवी जीव घेते, इथे कामाला येते. पेचकसाच्या मुठीने पत्रा ठोकत जा. आवाज खणखणीत आला तर पत्रा चांगला, बद्द आला तर आतून गेलेला. गेलेला पत्रा वेल्डिंगवाल्याकडून नवा घालून घ्यावा लागेल. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायला आणि टाकीचे काय करणार हे विचारायला विसरू नका. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने घासा, रेड ऑक्साइडचा हात मारा, वर ऑइल पेंटचे दोन हात द्या. तळाला पाणी जाण्यासाठी लहान भोके असतात, ती बुजवू नका.

आता प्लायवुडचे. कपडे, भांडी, भाजी अशा मालाला १२ मिलिमीटर पुरे. ६ मिलिमीटरचे पन्हळींच्या मध्ये दबते आणि बोल्टाची डोकी त्यातून ओढली जातात. धान्याच्या गोण्या लादायच्या असतील तर १८ मिलिमीटरचा विचार करा, पण वजनही ध्यानात ठेवा. १२ मिलिमीटरची ८ बाय ४ फुटांची शीट २० ते २५ किलो भरते. जितके लाकूड गाडीत जाईल तितका माल कमी न्यावा लागेल. दुकानात 'वॉटरप्रूफ' या शब्दावर जाऊ नका. शीटवरचा आयएसआय शिक्का वाचा. आयएस ३०३ मध्ये दोन प्रती येतात. 'एमआर' म्हणजे नुसती दमट हवा सोसणारी, जिला दुकानदार कमर्शियल म्हणतात. 'बीडब्ल्यूआर' तिच्यापेक्षा पाण्याला जास्त टिकते. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, सर्वांत महाग. आमच्या मते बीडब्ल्यूआर घ्यावी आणि वाचलेले पैसे रंगात घालावेत. कारण प्लायवुड पाणी पिते ते कडांमधून. तिथे लाकडाचे थर उघडे पडलेले असतात. कडा, खालची बाजू आणि बोल्टांची भोकेसुद्धा आतून रंगवा. हे काम फळी गाडीबाहेर असतानाच होते.

माप टेपने घेत बसू नका. चाकांच्या वरचे फुगवटे, दाराचे कोपरे, कुठेच सरळ रेष नसते. टीव्हीच्या नाही तर पंख्याच्या खोक्यांचा पुठ्ठा गाडीत अंथरा, कात्रीने कापत कापत बसवा आणि तो पुठ्ठा प्लायवुडवर ठेवून आखा. घरातल्या पोरीबाळींना हे काम द्या. झंपर बेतणारा हात सुतारापेक्षा चांगला पुठ्ठा कापतो. फळी दोन तुकड्यांत करा आणि सांधा पन्हळीच्या उंचवट्यावर येऊ द्या. चारी बाजूंनी पेन्सिलीच्या जाडीची फट सोडा. घट्ट बसवलेली फळी फुगली की करकरते. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते, तेव्हा फळी सीटच्या मागेच थांबवा. सीट उचलायला अडथळा झाला तर गॅरेजवाला पहिल्याच दिवशी तुमची फळी कापील.

फळीखाली बारदान, थर्मोकोल, स्पंज काहीही भरू नका. पन्हळीतून हवा खेळली पाहिजे आणि पाणी वाहून गेले पाहिजे. आवाजासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून फक्त उंचवट्यांवर चिकटवा. वर मॅट टाकलीत तर दर आठवड्याला ती उचलून वाळवा. काळ्या मातीचा चिखल बुटाबरोबर आत येतो आणि आठ-आठ दिवस ओल धरून ठेवतो.

फळी पक्की झाली म्हणजे माल पक्का झाला असे नाही. जोरात ब्रेक लागला की १०० किलोचे गाठोडे ७०-८० किलोच्या जोराने पुढे ढकलते, आणि टक्कर झाली तर तो जोर कितीतरी पट वाढतो. दोरीच्या कड्या प्लायवुडवर स्क्रूने बसवल्या तर त्या फळीचा टवका घेऊन निघतील. त्या फळीतून खाली पत्र्यापर्यंत बोल्टानेच बसवा. पुढच्या सीटच्या मागे लोखंडी जाळी लावून घ्या. दाजींच्या गाडीला ती असती तर हा लेख कदाचित लिहावा लागला नसता.

कागदांचे बोलणे कंटाळवाणे वाटेल, तरी वाचा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणी पुस्तकात लिहिल्यापेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय गाडीत करता येत नाही. बाक काढला की आसनांची संख्या बदलली. धंद्याचा माल नेणारी गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली हवी आणि विमाही तसाच हवा. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही, ही एक सवलत आहे. म्हणून बाक काढण्याआधी परभणीच्या परिवहन कार्यालयात एक फेरी मारा आणि जे सांगतील ते लेखी घ्या.

ताई, तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ आहे, "सणासुदीला शेजारच्या बायकाही मागे बसून येतील." या ओळीपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. डिसेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मालगाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशाच्या मृत्यूची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही. १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी विम्यात आला. तुम्ही तुमच्या गाठोड्यांबरोबर आहात, तुम्ही त्यात बसता. शेजारणी बसत नाहीत. ४ एप्रिल २०२५ ला नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात ट्रॅक्टरची ट्रॉली विहिरीत जाऊन वसमत तालुक्यातल्या ७ मजूर बायका गेल्या. त्याही कामाच्या घाईत मिळेल त्या वाहनात बसल्या होत्या. प्लायवुडला ना पाठ असते ना पट्टा. लेकरेसुद्धा त्यावर बसवू नका. एकाच गाडीत माणसे आणि माल दोन्ही न्यायचे असतील तर बाक काढूच नका, मागच्या जागेपुरतीच फळी करा.

पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर सगळे नट पान्याने पुन्हा आवळा. त्यानंतर पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर फळी एकदा उचलून खाली पाहा. बोल्ट असले की ती अर्ध्या तासात निघते. शीटमधून दोन-तीन इंच रुंदीची पट्टी उरेल. ती जाळू नका. मागच्या दाराच्या उंबऱ्याला उभी बसवा, म्हणजे दार उघडल्यावर गाठोडे पायावर पडत नाही. गाडी तयार झाली की कळवा. सेलूच्या बाजारात आलो तर आम्ही स्वतः वाकून खालचे वायसर पाहू.