भ्रमणध्वनीतला बाजार आणि यवतमाळचा तरुण

समाजवादी साप्ताहिकाने शेअरच्या खरेदी-विक्रीविषयी अग्रलेख लिहावा, याचे आमच्या काही जुन्या वाचकांना आश्चर्य वाटेल. शेअर बाजार हा मुंबईच्या दलाल स्ट्रीटवरील धनिकांचा खेळ आहे, आपल्या माणसांचा त्याच्याशी संबंध नाही, असे मानण्याची आपली सवय आहे. ही सवय आता सोडावी लागेल. मार्च 2020 मध्ये देशात सुमारे 4 कोटी डीमॅट खाती होती. ऑगस्ट 2025 मध्ये त्यांनी 20 कोटींचा आकडा ओलांडला. एकाच माणसाची अनेक खाती असतात हे खरे. तरीही ही वाढ केवळ शेठजींच्या घरातली नाही. वणी, पुसद, दारव्हा, पांढरकवड्याचा तरुण पॅन कार्ड, आधार कार्ड आणि बँकेचे खाते यांच्या बळावर घरबसल्या ऑनलाइन दलालाचा ग्राहक होऊ शकतो. बाजार आपल्या दारात आला आहे. तेव्हा त्याकडे पाठ फिरवून भागणार नाही.

तरुण या वाटेला का जातो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. कापूस आणि सोयाबीनच्या शेतीत खर्च आणि भाव यांचा मेळ बसत नाही, कायमची नोकरी दुर्मिळ झाली आहे. सहकारी बँकेत पैसे ठेवावेत, तर यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2022 मध्ये रद्द केल्याचे ठेवीदारांनी पाहिले आहे. तेथे निदान 5 लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण होते. शेअरचा भाव कोसळला, तर त्याची भरपाई करणारा कोणी नाही. जेथे श्रमाला दाम नाही, तेथे नशिबाची भाषा लोकांना गोड वाटू लागते. म्हणून या तरुणाला लोभी म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे.

आमचा मूळ आक्षेप मात्र कायम आहे. वणी तालुक्यातील उकणी, निलजईचा कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कोल इंडियाची उपकंपनी. 1973 च्या राष्ट्रीयीकरणाने कोळशाच्या खाणी जनतेच्या मालकीच्या झाल्या. ऑक्टोबर 2010 मध्ये सरकारने कोल इंडियाचा 10 टक्के हिस्सा बाजारात विकून 15 हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम उभी केली आणि जानेवारी 2015 मध्ये आणखी 10 टक्के विकला. कामगारांसाठी काही शेअर राखून ठेवले होते आणि त्याला ‘लोकांची भागीदारी’ म्हटले गेले. परंतु जी मालमत्ता आधीच सर्वांची होती, ती ज्याच्या गाठीस पैसा आहे त्याला विकणे, ही भागीदारी कशी? दहा शेअर घेतल्याने खाणकामगार खाणीचा धनी होत नाही.

आता दुसरा, अधिक तातडीचा प्रश्न. शेअर विकत घेऊन वर्षानुवर्षे ठेवणे वेगळे आणि ‘फ्युचर्स-ऑप्शन्स’चा सट्टा वेगळा. दलालाच्या अ‍ॅपवर मात्र दोन्ही एकमेकांशेजारी असतात आणि नवख्याला त्यांतील अंतर दिसत नाही. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तीन वर्षांत या सट्ट्यात उतरलेल्या सामान्य व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात गेल्या आणि त्यांचा एकत्रित तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक झाला. त्यांतील तीन-चतुर्थांशांहून अधिकांनी आपले वार्षिक उत्पन्न 5 लाखांच्या आत सांगितले होते. यातील बहुसंख्य देशाच्या पहिल्या तीस शहरांबाहेरचे होते. हा पैसा हवेत विरला नाही. मोठ्या दलाली पेढ्या आणि परदेशी संस्था यांना त्याच बाजारात नफा झाला, आणि त्यातला बहुतेक संगणकांनी आपोआप केलेल्या व्यवहारांतून आला. एका बाजूस यंत्र, दुसऱ्या बाजूस कर्ज काढून आलेला बेरोजगार पदवीधर. या सामन्याला ‘संधीची समानता’ म्हणणे ही थट्टा आहे.

विदर्भाला सट्टा नवीन नाही. कापूस उत्पादकाला व्यापारी आणि सटोडिया यांच्या तावडीतून सोडवावे, याच हेतूने महाराष्ट्रात 1972 मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. ती पुढे मोडीत निघाली. तिच्या कारभारातील दोष आम्ही नाकारीत नाही. पण बापाच्या पिकावरील सट्ट्याविरुद्ध लढलेल्या जिल्ह्यात मुलाने खिशातल्या यंत्रावर सट्टा खेळावा, हे आपल्या राजकारणाचेही अपयश आहे.

ज्यांनी खाते उघडलेच आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी कार्यकर्त्यांनी समजून घ्याव्यात. शेअर दलालाकडे नसतात. ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत ग्राहकाच्या नावे असतात. ही जाणीव नसल्यास काय होते, ते कार्वी प्रकरणाने दाखवले. नोव्हेंबर 2019 च्या सेबीच्या आदेशातून, ग्राहकांनी दिलेल्या मुखत्यारपत्राचा गैरवापर करून त्यांचे शेअर गहाण टाकले गेल्याचे उघड झाले. म्हणून मुखत्यारपत्र देऊ नये, सही केलेली कोरी स्लिप कोणाच्या हाती ठेवू नये, ओटीपी वा पिन कोणाला सांगू नये. खात्याला मोबाइल आणि ई-मेल स्वतःचाच असावा. डिपॉझिटरीकडून थेट येणारे विवरण दलालाच्या हिशेबाशी ताडून पाहावे. दलाल बदलायचा असेल तर शेअर विकण्याची गरज नाही. त्याच नावाच्या दुसऱ्या खात्यात सर्व शेअर नेऊन जुने खाते बंद करता येते आणि त्यासाठी शुल्क आकारता येत नाही. खात्यावर वारसाचे नाव अवश्य नोंदवावे. ते नसल्यामुळे विधवेला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात.

परंतु सावधगिरी हा धोरणाला पर्याय नव्हे. दलालाचा करार आणि धोक्याची सूचना ग्राहकाला समजेल अशा मराठीत मिळालीच पाहिजे. तुटपुंज्या उत्पन्नाच्या माणसाला सट्ट्याचे दार एका बोटाच्या स्पर्शाने उघडता कामा नये. कापसाला आणि सोयाबीनला हमीभावाची खात्रीशीर खरेदी, सहकारी बँकांवर कडक देखरेख आणि जिल्ह्यात रोजगार, या मागण्या शेअर बाजाराच्या प्रश्नापासून वेगळ्या नाहीत. कष्टाची मिळकत पुरेशी असेल आणि तिची बचत सुरक्षित असेल, तर सट्ट्याचे आकर्षण आपोआप ओसरेल. तोपर्यंत आपल्या कार्यकर्त्यांनी या तरुणांना उपदेश करण्यापूर्वी त्यांचा हिशेब त्यांच्याबरोबर बसून मांडावा. तो हिशेबच त्यांना आपल्या लढ्याकडे आणील.