दोन दिवस, एकच दरी

इटलीच्या सहलीचे कोणतेही कार्यक्रमपत्रक उघडून पाहा. आठ दिवसांत रोम, पिसा, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि मिलान. पहाटे सामान खोलीबाहेर, सातला न्याहारी, आठला बस. अशा सहलीत पुष्कळ पाहून होते, यात शंका नाही. मात्र जोडीने गेलेली माणसे आठही दिवस शेजारी बसूनसुद्धा एकमेकांशी फारशी बोललेली नसतात. दिवसभर मार्गदर्शकाच्या मागे लगबगीने चालायचे आणि रात्री सुजलेले पाय उशीवर टेकवून झोपी जायचे, हाच क्रम. म्हणून मुख्य सहलीला जोडून दोन दिवस हाताशी असतील, किंवा युरोपात नोकरी करणाऱ्या मुलाकडे-मुलीकडे राहिलेले असताना एखादा शनिवार-रविवार मोकळा मिळत असेल, तर एक वेगळी सूचना करावीशी वाटते. यादीत आणखी एक शहर घालू नका. एकच दरी निवडा आणि तिच्यातून दोघांनी सावकाश फिरा.

ही दरी म्हणजे तस्कनी प्रांताच्या दक्षिणेकडील व्हाल दोर्चा. फ्लॉरेन्सहून मोटारीने साधारण दोन तासांत तेथे पोहोचता येते. चिकणमातीच्या गोलसर टेकड्या, मध्येच सरूच्या झाडांची एक रांग, माथ्यावर एखादे दगडी शेतघर आणि क्षितिजाशी मोंते आमियाता हा जुना ज्वालामुखी पर्वत. मे महिन्यात गहू हिरवागार असतो, जूनच्या अखेरीस सोनेरी होतो आणि कापणीनंतर नांगरलेल्या ढेकळांचा तपकिरी रंग उरतो. या सौंदर्याला माणसाचा हात लागलेला आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकांत सिएनाच्या नगरराज्याने या भूमीची जाणीवपूर्वक घडण केली. सुशासन असेल तर शेते आणि रस्ते कसे दिसतात, हे आम्ब्रोजो लोरेन्झेत्ती या चित्रकाराने १३३८-३९ मध्ये सिएनाच्या नगरभवनाच्या भिंतीवर रंगवून ठेवले आहे. युनेस्कोने २००४ मध्ये या दरीला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला.

शनिवार पिएन्झासाठी ठेवा. टेकडीवरचे हे गाव इतके लहान आहे की, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला काही मिनिटांत जाता येते. पूर्वी त्याचे नाव कोर्सिन्यानो होते. येथे १४०५ मध्ये जन्मलेले एनेआ सिल्व्हिओ पिक्कोलोमिनी पुढे दुसरे पायस या नावाने पोप झाले आणि १४५९ पासून त्यांनी बेर्नार्दो रोस्सेल्लिनो या वास्तुविशारदाकडून आपल्या जन्मगावाचे आदर्श नगरात रूपांतर करवून घेतले. त्यांच्या प्रासादाच्या मागील बाजूस एकावर एक तीन मजली सज्जे आहेत. खाली छोटी बाग आणि पलीकडे सारी दरी. पोप पायस यांना संधिवाताचा जुना विकार होता. पाय इतके दुखत की, अनेकदा त्यांना खुर्चीत बसवून वाहून न्यावे लागे. ज्याला चालणे दुष्कर होते त्या माणसाने बसून पाहण्याची ही जागा उभारली, हे तेथे गेल्यावर अवश्य आठवा. तुमच्यापैकी एकाला चालवत नसेल, तर त्यात संकोच कसला? बसून पाहणे हेही पाहणेच आहे.

शेजारच्या मुख्य चर्चमध्येही जा. ते टेकडीच्या कडेवर, अस्थिर जमिनीवर उभे असल्याने त्याचा मागचा भाग बांधकामाच्या काळापासूनच खचत आला आहे. भिंतींना तडे गेले. ते वेळोवेळी पाहिले गेले, बुजवले गेले, आधार दिले गेले. साडेपाचशेहून अधिक वर्षे ही वास्तू उभी आहे, ती कोणीतरी तडे लपवले नाहीत म्हणून.

हे सांगण्याचे कारण असे. वैवाहिक जीवनात शरीराचे तडे लपवण्याची आपल्याला फार सवय असते. घरी आपण एकमेकांची चाल क्वचितच पाहतो. एक जण कामावर, दुसरा स्वयंपाकघरात. संध्याकाळी दोघेही आपापल्या पडद्यासमोर. सहलीत मात्र दोघे शेजारी चालू लागतात आणि लक्षात येते की, चढावर ‘जरा हा देखावा पाहू’ असे म्हणत पत्नी तिसऱ्यांदा थांबली आहे. किंवा पती पायरी उतरताना दर वेळी भिंतीला हात लावतो आहे. ‘उगाच त्यांचा विरस नको’ म्हणून एक बोलत नाही आणि ‘उगाच तिला काळजी नको’ म्हणून दुसरा बोलत नाही. या मौनाला आपण समजूतदारपणा म्हणतो. प्रत्यक्षात त्यामुळे उपचाराला उशीर होतो. चढ चढताना छातीवर दडपण येणे आणि थांबल्यावर ते नाहीसे होणे, ही ‘वय झाल्याची’ खूण समजू नका. ते हृदयविकाराचे लक्षण असू शकते आणि त्याची तपासणी व्हायला हवी. असा अनुभव प्रवासाआधी येत असेल, तर तिकिटाच्या आधी डॉक्टरांची वेळ घ्या. प्रवासात आला आणि विश्रांतीनंतर काही मिनिटांतही ओसरला नाही, तर वाट न पाहता ११२ हा तातडीचा क्रमांक फिरवा.

पिएन्झात दुपारी अनेक लहान दुकाने तीन-चार तास बंद असतात. आपल्या प्रवाशांना याचा राग येतो. वास्तविक तो या दरीचा सर्वांत आरोग्यदायी नियम आहे. तुम्हीही खोलीवर जा, पाय वर करून पडा. उन्हाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, भर दुपारी या उघड्या टेकड्यांवर सावली जवळजवळ नसते. शक्य असेल तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर निवडा. संध्याकाळी गावकरी सहज पाय मोकळे करायला बाहेर पडतात. त्या फेरीला ‘पास्सेज्याता’ म्हणतात. तिला उद्दिष्ट नसते, वेगही नसतो. तुम्ही तिच्यात मिसळून जा.

आता जेवणाविषयी. येथील साधे अन्न आपल्या पोटाला परके वाटणार नाही. ‘रिबोल्लिता’ म्हणजे शब्दशः ‘पुन्हा उकळलेले’. शिळा पाव, पांढरे घेवडे आणि गडद पानांची कोबीवर्गीय भाजी यांचे ते दाट सूप असते. फोडणीची पोळी करणाऱ्या घरांना त्यामागची काटकसर लगेच उमजेल. ‘पिची’ हा हाताने वळलेला जाड शेवयांसारखा पास्ता लसूण-टोमॅटोच्या रसात मिळतो. तस्कनीचा पारंपरिक पाव बिनमिठाचा असतो; पहिला घास अळणी लागतो, परंतु रक्तदाब असणाऱ्यांना तो मानवणारा आहे. मात्र त्याच्यासोबत येणारे पेकोरिनो, म्हणजे मेंढीच्या दुधाचे चीज, खारट असते, हे विसरू नका. काटेकोर शाकाहारी असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. अनेक पारंपरिक चीजमध्ये दूध विरजवण्यासाठी प्राणिज द्रव्य वापरतात आणि सूपचा पाया मांसाचा असू शकतो. त्यामुळे विचारूनच मागवा.

मधुमेह असणाऱ्यांनी तेथील जेवणाच्या वेळा नीट समजून घ्याव्यात. दुपारचे जेवण साधारण साडेबारा ते अडीच या वेळेत मिळते. त्यानंतर बहुतेक उपाहारगृहांची स्वयंपाकघरे बंद होतात, ती साडेसातच्या सुमारास उघडतात. इन्शुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेत असाल, तर जवळ काहीतरी खाण्याचे आणि थोडी साखर असलीच पाहिजे. आणि ती कोठे ठेवली आहे हे दोघांनाही ठाऊक हवे. औषधांची चिठ्ठी मूळ घटकांच्या नावांसह जवळ ठेवा, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तेथे चालतीलच असे नाही. हिरव्या क्रॉसची खूण दिसली की ते औषधालय समजावे.

रविवारी सकाळी सान क्विरिको दोर्चाहून बान्यो विन्योनीपर्यंत चाला. अंतर सुमारे पाच किलोमीटर. ही वाट ‘व्हिआ फ्रांचिजेना’ या इंग्लंडातील कँटरबरीहून रोमला जाणाऱ्या प्राचीन यात्रामार्गाचा भाग आहे. इसवी सन ९९० मध्ये कँटरबरीचे मुख्य धर्मगुरू सिगेरिक यांनी रोमहून परतताना आपल्या मुक्कामांची नोंद केली. तिच्यात सान क्विरिकोचे नाव आहे. वारीला गेलेल्यांना सांगायला नकोच की, लांबचा पल्ला गाठायचा तर चाल सर्वांना पेलणारी हवी. येथेही एकच नियम पाळा: पुढे मंद चालणाऱ्याने चालावे. तो मागे राहिला की, त्याला धाप लागत असूनही गाठण्याची घाई करावी लागते. तो पुढे असला की, दोघांनाही बोलता येते. चालताना पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर वेग अधिक आहे असे समजा. वाटेत चढ आहे आणि नंतर उतार. गुडघ्यांची खरी परीक्षा उतारावर होते, म्हणून हलकी काठी, घट्ट बसणारे वापरातले बूट आणि प्रत्येकी किमान एक लिटर पाणी घ्या. परतीचे वाहन आधीच ठरवून ठेवा, रविवारी बस फारच थोड्या असतात. स्वतः मोटार चालवणार असाल तर भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो.

बान्यो विन्योनीच्या मुख्य चौकात फरसबंदीऐवजी गरम पाण्याचे एक मोठे आयताकृती कुंड आहे. झऱ्याचे पाणी सुमारे ५० अंश सेल्सिअस असते. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे पाहिलेल्यांना त्या वाफेची ओळख पटेल. चौकातल्या कुंडात उतरण्यास मनाई आहे, पण गावातील काही हॉटेलांत गरम पाण्याचे तलाव आहेत. त्यांचा मोह आवरावा अशाही काही जणांची नोंद येथे केली पाहिजे: अलीकडे हृदयविकाराचा त्रास झालेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले आणि गर्भवती. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना पाणी किती गरम आहे हे कळत नाही आणि त्वचा भाजते, म्हणून त्यांनीही जपावे. इतरांनी दहा-पंधरा मिनिटांत बाहेर यावे, पाणी प्यावे आणि एकदम उभे राहू नये.

या दोन दिवसांत तुमचे मोंतेपुल्चानो राहील, मोंताल्चिनो राहील. राहू द्या. त्याऐवजी रविवारच्या संध्याकाळी एकमेकांना एक प्रश्न विचारा: ‘या दोन दिवसांत तुला कोठे दुखले?’ उत्तर ऐकताना सल्ला देऊ नका, फक्त ऐका. ज्याचे उत्तर ‘कोठेच नाही’ असे असेल, पण चाल वेगळे सांगत असेल, त्याला पुन्हा विचारा. घरी परतल्यावर त्या उत्तराप्रमाणे तपासणीची तारीख ठरवा आणि दवाखान्यात दोघे मिळून जा. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास, दोघांनी शेजारी चालले की तेवढी मिनिटे भरतात. त्यासाठी सरूच्या रांगा लागत नाहीत. घराजवळचा रस्ता पुरतो, आणि पुढे मंद चालणारा.