पैसा राबत नाही

शेअर बाजारातला पैसा कष्टाचा नसतो असं मानणारी माणसं आपल्याकडे अजून भरपूर आहेत, आणि ती सगळी काही भाबडी नाहीत. त्यांचं म्हणणं असं: एक माणूस आठ तास लेथवर उभा राहतो, दुसरा मोबाइलवर बोट फिरवून त्याच्या पगाराच्या दुप्पट मिळवतो. पहिल्यानं काहीतरी घडवलं. दुसऱ्यानं काय केलं? दुसऱ्याच्या कष्टावर हक्क सांगितला. घाम न गाळता आलेला पैसा घरात टिकत नाही आणि पोरं बिघडवतो, हे शेपूटही या बोलण्याला असतंच.

हा आक्षेप जुनाट ठरवून उडवून लावणाऱ्यांची सध्या चलती आहे. पण त्यांचं उत्तर आक्षेपाहून वाईट आहे. तुम्ही पैशासाठी काय राबता, पैशाला तुमच्यासाठी राबवा, तुम्ही झोपलात तरी तो कमावत राहील, असं ते सांगतात. म्युच्युअल फंडाच्या शिबिरात हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस विरळा.

पैसा राबत नाही. आपण झोपलेलो असतो तेव्हा चाकणला रात्रपाळी चालू असते, मालाचा ट्रक कसारा घाट चढत असतो, बंगळुरात कुणीतरी अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाची तक्रार ऐकून घेत असतो. कमाई ही माणसं करतात. आपला तिच्यात वाटा असतो, इतकंच. तो वाटा आपल्याला का मिळावा, हा खरा नैतिक प्रश्न आहे आणि दोन्ही पक्ष तो टाळतात. एकाला वाटतं की कष्ट तेवढे आपलेच. दुसऱ्याला वाटतं की आता कष्ट कुणालाच पडत नाहीत.

आक्षेपकांचा सगळ्यात भारी साक्षीदार म्हणजे तुकाराम. देहूच्या या घराण्याकडे महाजनकी होती, दुकान होतं, सावकारी होती. १६२९-३० चा दुष्काळ पडला, घरची माणसं गेली, व्यापार बसला. पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे: कर्जाचे कागद भावाबरोबर वाटून घेतले, भावाचे भावाला दिले आणि स्वतःच्या वाट्याचे इंद्रायणीत बुडवले. भांडवलाच्या कमाईवर आपल्या परंपरेनं दिलेला हा निकालच, असं म्हणता येईल.

पण बुडवलं काय, ते नीट पाहायला हवं. बुडवले ते कर्जरोखे. पाऊस पडो न पडो, पीक येवो न येवो, मुद्दल आणि व्याज घेणारच असं सांगणारा तो कागद असतो. कामाची जोखीम सगळी कुळाच्या डोक्यावर, सावकाराच्या डोक्यावर शून्य. कुळ बुडालं तरी त्याचा हक्क तरंगतो. भागीदाराचा कागद असा नसतो. धंदा बुडाला की तो आपोआप बुडतो, त्याला नदीपर्यंत नेण्याची गरज पडत नाही. दोन्ही कागदांना ‘बसून खाण्याचा पैसा’ म्हणत एकाच गाठोड्यात बांधणं ही आक्षेपकांची पहिली चूक.

या दोन कागदांची गोष्ट १८७५ या एकाच सालात पाहायला मिळते. त्या मेमध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं हिसकावून जाळली, आणि ते लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेलं. त्याच वर्षी मुंबईत दलालांनी आपली संघटना बांधली, तोच पुढचा मुंबई शेअर बाजार. दोन्हींच्या मुळाशी कापूस होता. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ला सुरू झालं, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या आपल्या मालावर तुटून पडल्या. दख्खनच्या शेतकऱ्याला सढळ हातानं कर्ज मिळू लागलं. मुंबईत दलाल प्रेमचंद रायचंद आणि मंडळींनी समुद्र भरून काढण्याच्या कंपनीचे शेअरसुद्धा आभाळाला भिडवले. युद्ध संपलं, भाव कोसळला, १ जुलै १८६५ ला वायदे पुरे करायची वेळ आली आणि मुंबई झोपली. शेअर तारण ठेवून वाटेल तशी कर्जं देणारी बँक ऑफ बॉम्बेही त्यात गेली. म्हणजे शेअर बाजाराच्या पापाचा पुरावा म्हणून जो प्रसंग नेहमी पुढे केला जातो, त्यातही शहर बुडालं ते उसनवारीच्या पैशानं. आणि दहा वर्षांनी सुप्याच्या शेतकऱ्याला जाळायला सापडले तेही उसनवारीचेच कागद.

आता जरा अप्रिय बोलतो. जो मराठी मध्यमवर्ग शेअरला जुगार म्हणतो, तोच ठेवपावती पवित्र मानतो. पण दोन कागदांत सावकाराच्या कागदाशी नातं सांगणारा कोणता? बँकेत ठेवलेला पैसा बँक कुणालातरी उद्योगासाठी देते. त्याचा उद्योग चालो न चालो, ठेवीदाराला ठरलेलं व्याज ठरलेल्या तारखेला हवं असतं, आणि बँक बुडालीच तर पाच लाखांपर्यंत विमा आहे. निवृत्त माणसानं किंवा एकट्या बाईनं असा निर्धोक कोपरा शोधावा यात काही गैर नाही. माझाही थोडा पैसा तिथेच आहे. पण ‘मी कुणाच्या कष्टावर जगत नाही’ हा तोरा मिरवायला ती पावती उपयोगाची नाही.

मग वाटेकऱ्याचा हक्क उभा कशावर राहतो? लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगर यासाठी समोर ठेवावा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर बनवला. लोखंडानं जमिनीत विष कालवलं जाईल या भीतीनं शेतकरी त्याला हात लावेनात. जवळपास दोन वर्षं नांगर पडून राहिले. पुढे नगरपालिकेनं जागा खाली करायला लावली, आणि औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात माळरान आणि पैसा दिला म्हणून १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली.

त्या दोन वर्षांचा विचार करा. नांगर ओतणाऱ्या कामगाराला मजुरी तेव्हाच हवी असते. नांगर खपेपर्यंत तो थांबू शकत नाही, त्यानं थांबूही नये. लोखंड आणि कोळसा रोखीनं घ्यावा लागतो. आज केलेलं काम आणि उद्या-परवा मिळणारी किंमत यांच्यामध्ये एक दरी असते. ती कुणीतरी स्वतःच्या पैशानं भरून काढतो आणि पैसा परत येईल की नाही हे त्याला माहीत नसतं. हे घाम गाळणं नव्हे. पण जिवाला घोर लावून घेणं आहे, आणि त्याशिवाय घाम गाळणाऱ्याला कामच मिळत नाही. मजुरीत न मावणारी कमाई या थांबण्याची आणि बुडण्याच्या शक्यतेची आहे. मार्क्सवादी मित्र म्हणतील की हे भांडवल तरी आलं कुठून, मागच्या पिढ्यांच्या शोषणातूनच ना. काही ठिकाणी तसं आहेच. पण महिन्याला दोन हजारांची एसआयपी भरणाऱ्या नर्सच्या बाबतीत ते उत्तर लागू पडत नाही, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा हप्त्यांची मासिक रक्कम पंचवीस हजार कोटींच्या पुढे गेली ती तिच्यासारख्यांचे छोटे हप्ते मिळूनच.

याहून टोकदार एक आक्षेप आहे. किर्लोस्करांना पंतांनी पैसा दिला, ठीक. पण आज बाजारात तुम्ही कंपनीचा शेअर घेता तेव्हा पैसा कंपनीला कुठे जातो? तो जातो आधीच्या शेअरवाल्याला. मग तुमच्या पैशानं कुठली दरी भरली?

याचं उत्तर नगर जिल्ह्यात आहे. तिथल्या माणसाला शेअर म्हणजे काय हे दलाल स्ट्रीटनं शिकवलेलं नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं १९५० च्या सुमाराला प्रवरानगरला सहकारी कारखाना सुरू झाला, तेव्हा शेतकऱ्यांनी पै-पै जमवून शेअर घेतले. घामाच्या पैशाचं गुंतवणुकीत इतकं उजळ रूपांतर महाराष्ट्रानं दुसरं पाहिलं नसेल. पण पुढच्या पिढ्यांत किती कारखाने गटबाजीनं आणि कर्जानं पोखरले गेले, अवसायनात निघाले, विकले गेले! त्या सभासदांजवळ कागद होता, पण तो बाजारभावानं विकून बाहेर पडण्याची सोय नव्हती. कारभार बिघडताना दिसत होता आणि वर्षाच्या सभेत हात वर करण्यापलीकडे काही करता येत नव्हतं, तोही मोजला गेला तर. बाहेर पडायची वाट असली की भाव उतरतो, आणि उतरलेला भाव संचालकांना चारचौघांत जाब विचारतो. दुसऱ्याकडून शेअर घेणारा ती वाट उघडी ठेवतो. पालखीचे खांदेकरी बदलतात तसं हे आहे: नवा खांदा मिळेल हा भरवसा असतो म्हणूनच पहिला पुढे सरसावतो.

अर्थात खांदा द्यायचा म्हणजे भार घ्यायचा. आणि इथे माझी फिर्याद आपल्या बाजूच्या लोकांविरुद्ध, म्हणजे बाजाराच्या भक्तांविरुद्ध आहे. बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये वायदे आणि ऑप्शनचा हिशेब जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. २०२३-२४ मध्ये त्यांतले ४३ टक्के तिशीच्या आतले होते, आणि राज्यवार पाहिलं तर सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रातले. त्या वर्षी नफा कमावला तो स्वतःच्या खात्यावर व्यवहार करणाऱ्या पेढ्यांनी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी, तोही बहुतेक सगळा संगणकाच्या स्वयंचलित सौद्यांतून. हातात शेअरचा साठा असणारा एखादा फंड संरक्षण म्हणून ऑप्शन घेतो, त्याचं मला काही म्हणायचं नाही. पण मुदत संपायच्या दिवशी दुपारी निफ्टी पन्नास अंक वर जाईल की खाली यावर बोली लावणारा सोलापूरचा पोरगा कुणाची दरी भरतो? कुठला नांगर त्यामुळे ओतला जातो? एकाचा तोटा तो दुसऱ्याचा नफा, आणि मधे दलाली, कर, शुल्क. या पोराला ‘पैसा तुझ्यासाठी राबेल’ असं सांगणारे शिबिरवाले आणि ‘शेअर म्हणजे जुगारच’ असं सांगणारे त्याचे वडील यांचं शेवटी एकमत होतं, ही यातली गंमत. दोघांच्याही लेखी शेअरमागे काम नाही. वडिलांनी भेद करून दाखवला असता तर पोरगा कदाचित त्या बाजूला गेलाच नसता.

मोकळ्या बाजाराची नैतिक बाजू मी मांडतो ती एवढ्याच पायावर: ज्याच्या डोक्यावर तोट्याची जोखीम, त्याला नफ्याचा हक्क आणि जोखीम दुसऱ्याला विकण्याची मुभा. शेतकरी नेते शरद जोशींनी १९८० च्या आसपास चाकणच्या कांद्यापासून जे मांडलं त्याचा अर्थ मला तरी असाच लागतो. कांदा सडला, भाव पडला, तर नुकसान शेतकऱ्याचं. भाव चढला की मात्र ग्राहकाची कणव जागी होते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, ती उठली मे २०२४ मध्ये, निवडणुकीच्या ऐन धामधुमीत आणि तरीही शुल्कासकट. घामाच्या पैशाचे गोडवे गाणाऱ्या आपल्या सार्वजनिक नीतीनं लासलगावच्या घामाला दिलेली ही किंमत. सावकाराच्या कागदात तोटा कुळाचा आणि निश्चिती सावकाराची होती. इथे तोटा शेतकऱ्याचा आणि निश्चिती सरकारची.

सोयाबीनची कथा याहून विचित्र आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन, हरभरा, मोहरी, गहू, मूग अशा सात शेतमालांचे वायदे थांबवले गेले, आणि मुदत संपत आली की बंदी वाढवली गेली. कारण दिलं जातं सट्टेबाजीचं. वायद्यांमुळेच महागाई होते का, हे तपासायला नेमलेल्या अभिजित सेन समितीला २००८ मध्ये तसा निर्णायक पुरावा मिळाला नव्हता. लहान शेतकरी स्वतः वायदे बाजारात उतरत नाही हे खरं. पण वायदे चालू असले की त्याची उत्पादक कंपनी उतरू शकते, तेलगिरणीवाला आपली खरेदी तिथे बांधून घेतो आणि अडतीवर बोली लावणाऱ्याच्या मनातला आकडा सगळ्यांना दिसतो. जूनमध्ये पेरणारा लातूरचा शेतकरी ऑक्टोबरचा भाव अंदाजानं तरी जाणू शकतो. त्याच्याजवळ खरं पीक आहे, खरी जोखीम आहे, ती दुसऱ्याला विकण्याचं खरं कारण आहे.

म्हणजे ज्या सौद्यामागे शेत, बियाणं आणि चार महिन्यांची राबणूक आहे तो सट्टा म्हणून बंद, आणि ज्या सौद्यामागे काहीच नाही तो दर आठवड्याला चालू. सेबीनं ऑप्शनच्या अटी अलीकडे कडक केल्या, त्याचं श्रेय द्यायला हवं. पण प्राधान्य उलटं झालं आहे. आधी सोयाबीन-हरभऱ्याचे वायदे सुरू करा. निफ्टीच्या आठवडी खेळाचं काय करायचं ते त्यानंतर निवांत ठरवता येईल.