शेतकऱ्याचा आधार नंबर कॉम्प्युटरमध्ये जातो, पुढे त्याचं काय होतं?

कारंजा लाड. वाशिम जिल्ह्यातलं सोयाबीन-कापसाच्या बाजाराचं गाव. १८८६ मध्ये इथल्या कापूस बाजाराला सरकारी नियम लागू झाले आणि देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून कारंजाचं नाव घेतलं जाऊ लागलं. बाजाराला नियम हवेत, हे या गावाला नवीन नाही.

पण आज शेतकरी बाजारात फक्त माल आणत नाही. हमीभावाच्या नोंदणीसाठी तो आधार, सातबारा आणि बँक पासबुकही देतो. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी फार्मर आयडी सक्तीचा झालाय. त्यात आधार आणि जमिनीची नोंद एकत्र जोडलेली असते. म्हणजे एकच नोंद फुटली, तर माणूस कोण, त्याची जमीन किती, हे सगळं एका जागी सापडतं.

मग ही माहिती आत नेमकी कशी ठेवली जाते?

चोर नव्हता, तरी माहिती बाहेर आली

आधी २०१७ मध्ये काय झालं ते बघू. सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने मे महिन्यात एक अहवाल काढला. रोजगार हमी, पेन्शन अशा योजनांच्या चार सरकारी पोर्टलवरून सुमारे १३ कोटी आधार नंबर उघडे पडले असावेत, असा त्यांचा अंदाज होता. यासाठी कुणाला पोर्टल फोडावं लागलं नव्हतं. लाभार्थ्यांच्या याद्या तिथे दिसतील अशाच ठेवलेल्या होत्या.

म्हणजे बाहेरच्या दाराला कितीही मोठं कुलूप लावलं, तरी आतली वही उघडी असेल तर उपयोग नाही.

दोन उपाय, दोन वेगळी कामं

डेटाबेस म्हणजे रकान्यांची मोठी वही समजा. नाव, गाव, मोबाईल, आधार, खाते नंबर. सगळेच रकाने सारखे नाजूक नसतात. म्हणून आधार आणि खाते नंबरसारख्या रकान्यांना वेगळं संरक्षण देतात.

पहिला उपाय मास्किंग. काउंटरवरच्या ऑपरेटरला पूर्ण आधार दिसत नाही. आधीच्या ८ आकड्यांच्या जागी फुल्या आणि शेवटचे ४ आकडे दिसतात. समोरचा माणूस तोच आहे का, एवढं पडताळायला ते पुरतात.

दुसरा उपाय एन्क्रिप्शन. इथे नंबर साठवतानाच गणिती पद्धतीने असा बदलतात, की चावीशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. कुणी अख्खी वही चोरून नेली, तरी हाती निरर्थक अक्षरं लागतात.

यातला एकच उपाय करून भागत नाही. नुसतं मास्किंग केलं, तर स्क्रीनवर फुल्या आणि आत सगळं उघडं. नुसतं एन्क्रिप्शन केलं, तर लॉगिन असलेल्या प्रत्येकाला सिस्टिम स्वतःच कुलूप उघडून पूर्ण नंबर दाखवते.

चावी कुठे ठेवायची?

खरी मेख इथे आहे. चावी त्याच कॉम्प्युटरवर ठेवली, तर ते घराला कुलूप लावून चावी शेजारच्या खिळ्याला अडकवण्यासारखं झालं. आणि चावी हरवली, तर माहिती मालकालाही वाचता येत नाही.

म्हणूनच जुलै २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने 'आधार डेटा व्हॉल्ट'चा नियम आणला. आधार नंबर साठवणाऱ्या संस्थांनी तो वेगळ्या तिजोरीत, एन्क्रिप्ट करून ठेवायचा. चाव्या त्यासाठीच बनवलेल्या खास उपकरणात ठेवायच्या. बाकी कामकाजात आधारऐवजी एक पर्यायी क्रमांक वापरायचा. तो क्रमांक फुटला, तरी त्यावरून आधार कळत नाही.

आता कायदा काय म्हणतो?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. एन्क्रिप्शन, मास्किंग आणि पर्यायी टोकन यांचा त्यात थेट उल्लेख आहे. माहिती सांभाळण्यात कसूर झाली, तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पण ही मुख्य बंधनं १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. शिवाय देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी सरकार आपल्या काही यंत्रणांना या कायद्यातून सूट देऊ शकतं.

आणि झेरॉक्सचं काय?

सगळ्यात साधी गळती तर डेटाबेसपर्यंत पोचतही नाही. आधारचा फोटो कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर जातो, झेरॉक्सचा गठ्ठा टेबलावर पडून राहतो. तिथे कुठलंच एन्क्रिप्शन कामाला येत नाही.

आधारच्या वेबसाइटवरून मास्क केलेलं आधार फुकट डाउनलोड करता येतं. त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. जिथे फक्त ओळख दाखवायची आहे, तिथे तेच द्या. आणि कुणी पूर्ण नंबर मागितला, तर 'कशासाठी हवाय आणि कुठे ठेवणार?' हे विचारायला लाजू नका.

माल मोजताना काट्याकडे बघतो, तेवढंच लक्ष इथेही हवं.